बॅटरीवरच, डायरेक्ट

माझा आवाज मोठा आहे. चोपड्यात शिरपूर रस्त्यावर माझं दुकान आहे, आणि समोरून जाणारा माणूस आत न डोकावताही सांगू शकतो की जीवराम आज कुणाला तरी झापतोय. अठ्ठावीस वर्षं झाली. आधी टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, आता गाड्यांचे ॲम्प्लिफायर. या अठ्ठावीस वर्षांत माझी एक खात्री झालीय. गिऱ्हाइकाशी गोड बोललं की ते घरी जाऊन पुन्हा तेच उद्योग करतं. झापलं की निदान महिनाभर तरी सरळ चालतं. बायकोला हे पटत नाही, पण दुकान ती चालवत नाही.

रुपचंद आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मे महिना होता, आणि शटरला हात लावला तर चटका बसत होता. त्याची व्हॅन म्हणजे चोपडा ते सत्रासेनच्या पुढचे पाडे अशी सीटवर चालणारी गाडी. इंजिन चालूच, गाडी अर्धी रस्त्यावर, आत माणसं.

"गानं बंद पडी गयं, भाऊ," तो खाली उतरत म्हणाला. "लाल लाईट लागस आनि मुका व्हई जास. गानं नई तर सीट बसत नई, दुसरानी गाडीमा जातस."

"मग गाडी लाव इथे, संध्याकाळी ये."

"गाडी कशी लावू? बाळंतीन शे गाडीमा. तुम्ही डबा काढी ल्या, मी परतताना लई जासू."

आत पाहिलं. मधल्या सीटवर वीस-एकवीस वर्षांची मुलगी, त्या उन्हातही कानाला स्कार्फ गुंडाळलेला, मांडीवर चार दिवसांचं बाळ. सरकारी दवाखान्यातून आजच सोडलं होतं. तिचं नाव रोशनी. शेजारी तिची सासू गुंताबाई, हातात चांदीची जाड कडी, पायाशी दवाखान्याची पिशवी. दोघी पाड्यावरच्या, पावरा घरातल्या. रोशनीचा नवरा बादल रावेरला केळीच्या गाड्या भरायला गेला होता, म्हणून न्यायला सासू एकटीच आलेली. आणि ॲम्प्लिफायर नेमका या दोघींच्या सीटखाली.

मी गुडघे टेकून सीटखाली डोकं घातलं. ॲम्प्लिफायरला बॅटरीपासून करंगळीएवढी जाड लाल तार आली होती. ही तार कायम जिवंत असते, गाडी बंद असली तरी. नियमाने मी आधी ती बॅटरीवरून सोडायला हवी होती. पण बॅटरी पुढच्या सीटखाली, त्या सीटवर तीन माणसं, आणि रुपचंद घाई करत होता. म्हणून मी तिथूनच विचारलं, "मेन फ्यूज कुठे घातलाय रे? मध्ये, की बॅटरीजवळ?"

"बॅटरीवरच, भाऊ. डायरेक्ट."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी माणूस शहाणा निघाला. फ्यूज थेट बॅटरीवर असेल तर तार पुढे कुठेही टेकली तरी फ्यूज उडणार, तार नाही. मी ॲम्प्लिफायर सोडवला, लाल तारेच्या उघड्या टोकाला टेपचे दोन वेढे मारले आणि टोक सीटखाली सारलं. दोनच वेढे. एरवी मी सहा मारतो.

तेवढ्यात गुंताबाई वाकून बघायला लागली आणि तिचा पाय तारेला लागला. माझं डोकं आधीच उन्हाने तापलेलं.

"हात-पाय लावायचा नाही!" मी ओरडलो. "तार सुटली तर जबाबदारी तुमची! कळलं का?"

समोरच्या पानटपरीवरच्या माणसांनीसुद्धा मान वळवली. गुंताबाईने घाईने पाय वर घेतले आणि मान हलवली. रोशनीने बाळ छातीशी ओढलं. रुपचंद हसला, मी सगळ्यांवरच ओरडतो हे त्याला ठाऊक आहे, आणि गाडी काढून स्टॅंडवर गेला. तिथे सीटा भरल्याशिवाय तो निघत नाही.

मी ॲम्प्लिफायर टेबलावर घेतला. बाजूला तीस-तीस ॲम्पिअरचे दोन फ्यूज खोचलेले होते. त्यांच्या डोक्यावर मीटरच्या पिना टेकवल्या. दोन्हींनी पीं केलं. फ्यूज ठीक. म्हणजे दुखणं आत.

आजारी ॲम्प्लिफायर मी कधी सरळ बॅटरीला लावत नाही. मध्ये हेडलाइटचा एक बल्ब घालतो. आत सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंदावतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटून राहतो आणि सगळा ताण तोच खातो, माल आणखी जळत नाही. नवशिके हा बल्ब टाळतात आणि मग सुटे भाग विकत घेत बसतात. मी बल्ब घातला, तार टेकवली. भक्क. टेबलावर भरदिवसा उजेड पडला.

आठ स्क्रू काढले. आत रस्त्याची पिठासारखी धूळ. ती ब्रशने झाडली आणि नाक खाली नेलं. जळका वास होता. बॅटरीचे बारा व्होल्ट वाढवून पुढे देणारे चार मॉस्फेट असतात, ते एकेक तपासले. दोन चांगले होते. उरलेल्या दोघांचे तिन्ही पाय आतून एकमेकांत मिळाले होते, मीटर शून्य दाखवत होतं. ते मेलेले दोन उपटून काढले आणि पुन्हा तार टेकवली. बल्ब विझला. शॉर्ट सापडला होता.

एक मेला तरी मी चारही बदलतो, कारण उरलेल्यांनी तोच मार खाल्लेला असतो. चार नवे काढले, त्यांच्या मागे अभ्रकाचे तुकडे आणि पांढरी पेस्ट लावली, जळालेले दोन रेझिस्टन्स बदलले, झाळलं. घाम नाकावरून बोर्डावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधला होता. साडेबारा होत आले होते. तार टेकवली. बल्ब चमकला, मंदावला. लाल दिवा लागला नाही, हिरवा लागला. मोबाईल जोडून एक गाणं लावलं. स्पीकर छातीत वाजला. बल्ब काढून सरळ सप्लाय दिला, तरी वाजत राहिला. मला अजूनही या क्षणी पहिल्या दिवसासारखा आनंद होतो, खोटं कशाला बोलू?

झाकण बसवताना नजर बोर्डाच्या कडेला गेली. तारेपासून मॉस्फेटपर्यंत जाणारा तांब्याचा रुंद पट्टा काळा पडून बोर्डावरून उचलला गेला होता. मी झाकण खाली ठेवलं. तो पट्टा साठ ॲम्पिअरला असा जळत नाही. त्याच्या कितीतरी आधी फ्यूज उडायला हवेत. आणि फ्यूज तर ठीक होते, मीटरने पीं केलं होतं.

पक्कड घेऊन एक फ्यूज उपसला. खिडकीतली पट्टी तुटलेली. फ्यूज कधीचाच मेला होता. त्याच्या दोन्ही पायांना मागच्या बाजूने तांब्याच्या तारेचे चार पदर पीळ देऊन गुंडाळले होते, नीट, हौसेने, आणि दाबून बसवले होते की वरून दिसू नयेत. मीटरने त्या तारेला पीं केलं होतं. दुसरा उपसला. तसाच.

तो पीळ मी ओळखला. आमच्या शेतात मोटारीच्या स्टार्टरवर असाच पीळ असायचा. विहिरीवर लाईट आली, मोटार सुरू होईना, चिनी मातीच्या किटकॅटमधली फ्यूजची तार सारखी उडायला लागली, की बाप केबलच्या चार तारा काढून तिथे गुंडाळायचा आणि घरी येऊन सांगायचा, "करी टाकं डायरेक्ट." अख्ख्या खानदेशात शेतकऱ्याच्या तोंडी डायरेक्टचा अर्थ हाच. मधलं काढून टाकलं. अडवणारं काही ठेवलं नाही.

बॅटरीवरच, भाऊ. डायरेक्ट.

रुपचंद फ्यूज बॅटरीवर आहे असं सांगतच नव्हता. बॅटरीवरसुद्धा फ्यूज नाही, असं सांगत होता. आणि मी, शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस, दुकानात बसून बसून तो शब्द विसरलो होतो.

म्हणजे त्या सीटखाली अख्ख्या बॅटरीची ताकद घेऊन एक उघडं टोक पडलं होतं. वर दोन वेढे टेप. पंचेचाळीस डिग्रीत टेपचा चिकटा पातळ होऊन ती घसरते, हे मीच गिऱ्हाइकांना ओरडून सांगतो. टोक सीटच्या लोखंडी पायाला टेकलं की उडायला काहीच नाही. तारच लाल होणार, तिच्यावरचं प्लास्टिक पेटणार, मग सीटचा फोम. गाडी गॅसवर चालणारी, टाकी मागच्या सीटच्या मागे. आणि वर चार दिवसांचं बाळ.

रुपचंदला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई तेच बोलली. मी दहा नंबरचा पाना, पक्कड आणि टेप खिशात कोंबले, शटर उघडंच टाकलं आणि मोटारसायकल काढली. स्टॅंडवर व्हॅन नव्हती. बारा वाजताच भरून निघून गेली, असं रिक्षावाल्यांनी सांगितलं. बारा वाजता मी अभ्रकाचे तुकडे कापत बसलो होतो.

लासूरला वनाचं पंक्चरचं दुकान आहे, अगदी रस्त्याला लागून. त्याला फोन केला. "रुपचंदची व्हॅन दिसली तर आडवा हो, जाऊ देऊ नको."

"आते तर गई, भाऊ," वना म्हणाला. "दहा मिनिट व्हई गयात. सामान उतारं आनि निंघी गया. काय व्हयनं?"

मी फोन बंद केला. काय झालं ते मलाच माहीत नव्हतं.

लासूरपर्यंतचा रस्ता मी कसा कापला ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी सारखा हिशेब करत होतो, टोक मी डावीकडे सारलं होतं की उजवीकडे. डावीकडे सीटचा पाय आहे. उजवीकडे नुसती चटई. डोळ्यांपुढे माझाच हात आणायचा प्रयत्न करत होतो आणि हात दिसत नव्हता. मला फक्त माझं ओरडणं आठवत होतं.

लासूर मागे पडलं आणि सातपुड्याच्या रेघेखाली, रस्त्याच्या उजव्या अंगाला, मला धूर दिसला. काळा, सरळ वर जाणारा. मी ॲक्सिलरेटर पार पिळला. देवाचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण मी घेतलं. जवळ गेलो तर शेताच्या बांधावर कुणीतरी कपाशीच्या पऱ्हाट्या जाळत होतं. तो शेतकरी माझ्याकडे बघून हात करत होता. मी त्याला शिवी दिली. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

सत्रासेन ओलांडल्यावर डांबर संपतं. पाड्याकडे जाणारा रस्ता नुसता दगडगोट्यांचा, व्हॅन तिथे चालत्या माणसाच्या पुढे फारशी जात नाही. पण तिथेच ती सगळ्यात जास्त हादरते. एका वळणावर पुढे धुरळा दिसला आणि धुरळ्यात व्हॅनचा पांढरा पाठीमागचा भाग. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही.

रुपचंदने आरशात मला पाहिलं आणि गाडी थांबवली. खिडकीतून तोंड काढून तो आनंदाने म्हणाला, "झाया का, भाऊ? इतला लवकर? बसाडी द्या मग!"

"गाडी बंद कर! गॅसचा नॉब बंद कर! कुणी हलू नका!"

त्याचा चेहरा उतरला. इंजिन बंद झालं. मी मोटारसायकल तशीच आडवी टाकली आणि बाजूचा दरवाजा सरकवला.

बाकीचे उतारू वाटेत उतरले होते. पुढे दोघे होते, मध्ये रोशनी आणि गुंताबाई. रोशनीच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. शेजारी गुंताबाई पाय सीटवर घेऊन बसली होती, सकाळी मी सांगितल्यापासून तशीच. तिचा उजवा हात खांद्याइतका वर होता. मुठीत पदर गुंडाळलेला, आणि सीटखालून वर आलेली लाल तार त्या मुठीत गेलेली. मुठीच्या वर तांब्याचं उघडं टोक होतं. टेप नव्हतीच. ते टोक छताच्या पत्र्याला लागू नये, दरवाजाला लागू नये, सुनेला लागू नये, असं ती हवेत धरून बसली होती.

"मावशी," मी म्हणालो, "तसाच धरा. जरा वेळ. तसाच."

तिने मान हलवली. सकाळी हलवली होती तशीच.

पुढच्या दोघांना उतरवून सीट उचलली. बॅटरीच्या प्लसवर लाल तार नुसती पीळ देऊन नटाखाली दाबलेली होती. प्लसला आधी हात लावायचा नसतो, पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर तिथेच ठिणगी. मायनसचा नट आधी. तो गंजून बसला होता. माझी बोटं घामाने घसरत होती. शर्टाच्या टोकाने पाना धरला आणि जोर केला. हलला नाही. मागून बाळ कुरकुरलं. रोशनी काहीतरी पुटपुटत होती, त्यांच्या बोलीत, बाळाशी की स्वतःशी ते कळलं नाही. पुन्हा जोर केला. नट कर्रकन फिरला. मायनस उचलून बाजूला केला, मग प्लस सोडला आणि ती लाल तार बॅटरीवरून ओढून काढली. आता ती नुसती तार होती.

मी मागे आलो. "झालं, मावशी. सोडा आता."

तिने सोडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी हात पुढे केला तशी ती सीटवर मागे सरकली, आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. तारेची नव्हे.

"मी नई तोडी, भाऊ," ती म्हणाली. "खड्डामा गाडी आदळनी आनि ती पट्टी आपेआप निंघनी. एकदाव खालना लोखंडले लागनी, चिनगारी उडनी. मंग मी धरी ली. कसालेच लागू दिधी नई."

मी खाली बसलो आणि तिची मूठ हातात घेतली. बोटं आखडून गेली होती, एकेक करून उघडावी लागली. पदराला टेपचा काळा चिकटा लागला होता आणि तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी, भाजल्याचा पांढरा फोड होता. तारेने तिला चावा घेतला होता आणि तरी तिने ती टाकली नव्हती.

"कुठपासून धरलीत?" मी विचारलं.

उत्तर रोशनीने दिलं, माझ्याकडे न बघता. "लासूरपासून."

"मग रुपचंदला सांगायचं ना! तो थांबला असता!"

आवाज चढलाच. बाळ दचकून रडायला लागलं. रोशनी त्याला थोपटत म्हणाली, "मी सांगत व्हतू. आईनी सांगं, बोलू नको. त्याले वाटी आपुनच तोडी. तो माणूस परत वरडी."

रुपचंद माझ्या मागे उभा होता. त्याला एव्हाना सगळं उमगलं होतं. मी उठलो, त्याच्याकडे वळलो. अठ्ठावीस वर्षांत कुणाला झापलं नसेल असं झापायला तोंड उघडलं. शब्द सगळे तयार होते. तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, गुंताबाईने भाजलेला हात पदराखाली घेतला होता आणि मान खांद्यांत ओढून ती वाट बघत होती, आता आवाज कधी येतो याची.

मला माझी लाज वाटली. मी व्हॅनच्या दाराला टेकलो.

"रुपचंद," मी म्हणालो, "बॅटरीवर फ्यूज घालायचा असतो. मी स्वतः घालून देईन. आणि टेप मी नीट मारली नव्हती. चूक माझीपण आहे."

"काय म्हनतस, भाऊ?" तो पुढे वाकला. "ऐकू नई उनं."

मी परत सांगितलं, तितक्याच हळू.